तोंडी हुकमाला पोच नसते

पोलिसांविरुद्ध अर्ज टाईप करून घ्यायला आलेला माणूस सुरुवातीला तसं कधीच सांगत नाही. "बाई, एक साधा अर्ज होता," म्हणतो. मग मागं कोण उभं आहे ते बघतो, स्टूल जवळ ओढतो आणि आवाज खाली आणून सांगतो की अर्ज एसपी ऑफिसला द्यायचाय. पुढचं वाक्य ठरलेलं: "पण जरा सौम्य लिहा."

मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करते. पूर्वी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, पत्र्याची शेड तीच. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारस नोंदीचे अर्ज यांवर घर चालतं. पोलिसांविरुद्धचे अर्ज त्या मानानं थोडे येतात, पण लक्षात राहतात तेच. कोठडीतले मृत्यू आणि चकमकी यांवर मी बोलणार नाही. त्यासाठी वकील आहेत, आयोग आहेत. माझ्या स्टुलावर येतो तो त्याच्या खूप खालचा माल. सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं. गाडीची चावी काढून खिशात घातली. फोन ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. नातवासमोर "ए, इकडं ये" म्हटलं. यात मार नाही, पैशाची मागणीही बऱ्याचदा नाही. आणि यातलं काहीच कुठल्या कागदावर नाही.

हे कागदावर नसणं मी बरीच वर्षं योगायोग समजत होते. वडिलांना विचारलं तेव्हा ते हसले.

माझे वडील, अण्णा, पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी पोलीस लाईनीत वाढले, त्यामुळं खाकीची भीती मला नाही आणि तिच्याबद्दल भाबडेपणाही नाही. अण्णा म्हणाले, "डायरीत आलं की वरपर्यंत जातं. तोंडी असलं की तोंडीच मिटतं." स्टेशन डायरीत एखाद्याचं नाव आणि वेळ लिहिली की घड्याळ सुरू होतं. अटक दाखवली तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते. चोवीस तासांचा नियम घटनेतच आहे; बाकीचं १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलं आणि नंतर ते कायद्यातही आलं. मग सोपं काय? नावच लिहायचं नाही. बाकावर बसलेला माणूस अटकेत नसतो, आणि उठून घरी जायला लागला तर "कुठं निघालास?" असं विचारलं जातं. कायद्याच्या कुठल्याच रकान्यात न बसणारी ही अवस्था आहे. आपल्याकडं तिला "बसवून ठेवलंय" म्हणतात, आणि घरच्यांनासुद्धा ते वाक्य ऐकून थोडं हायसं वाटतं. आत टाकलेलं नाही ना, बसवलंय फक्त.

आता गुरुजींची गोष्ट. ते निवृत्त शिक्षक आहेत, वय साठीच्या पुढं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण मूळ गोष्ट जशीच्या तशी आहे. शेजाऱ्याशी कुंपणाच्या भिंतीवरून वाद. शेजाऱ्यानं ठाण्यात तक्रारी अर्ज दिला. एके सकाळी गुरुजींना फोन: "ठाण्यातून बोलतोय. साहेबांनी बोलावलंय. जरा येऊन जा." कोणते साहेब, कशासाठी, काही नाही. गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून, जागेची फाईल घेऊन गेले. ठाणे अंमलदारानं फाईल बघितली नाही. "साहेब राऊंडला गेलेत. बसा." फोन टेबलावर ठेवायला सांगितला. दुपारी गुरुजींनी विचारलं, गोळी घ्यायची असते, घरी जाऊन येऊ का? टेबलामागचा पोरसवदा शिपाई मान वर न करता म्हणाला, "ए म्हाताऱ्या, गप बस की."

संध्याकाळी साहेब आले. पाच मिनिटं बोलले. "शेजारी आहात, मिटवून घ्या," म्हणाले. फोन परत मिळाला. इतकंच.

अर्ज लिहायला गुरुजी आले तेव्हा मी नेहमीच्या सवयीनं टाईप करायला घेतलं: "सदर पोलीस कर्मचाऱ्याने माझ्याशी अवमानकारक भाषेत..." गुरुजींनी हात वर केला. वर्गात पोराला थांबवावं तसाच. "अवमानकारक भाषेत नको. जे शब्द वापरले तेच लिहा. अवतरण चिन्हात."

मी म्हटलं, गुरुजी, असं लिहीत नाहीत. सगळे "अर्वाच्य" किंवा "अवमानकारक" लिहितात. ते म्हणाले, "म्हणूनच तर. 'अवमानकारक' वाचून वरच्या साहेबाला काय कळणार? शिवी दिली की टोमणा मारला? मला शिवी दिली नाही. म्हाताऱ्या म्हटलं आणि गप बस म्हटलं. जेवढं झालं तेवढंच लिहायचं, वाढवायचं नाही आणि झाकायचंही नाही."

असा गिऱ्हाईक मला क्वचित भेटतो. बाकीचे उलटं करतात. स्टुलावर बसून सगळं सांगतात, आणि प्रिंट हातात आली की एकेक ओळ खोडायला लावतात. "ते चावीचं काढून टाका." "रात्री दहापर्यंत बसवलं ते नको, बराच वेळ लिहा." "शिपायाचं वर्णन नको, गरीब माणूस आहे." शेवटी राहतं काय? "तरी मेहेरबान साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती." कशावरची कार्यवाही, ते वरच्या परिच्छेदातून गेलेलं असतं. आणि खोडायला लावणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला त्याच गावात राहायचंय, उद्या पासपोर्टची पडताळणी त्याच ठाण्यातून व्हायची आहे, मुलाच्या नोकरीचा चारित्र्य दाखला तिथूनच यायचाय.

गुरुजींच्या बाबतीत कायदा काय म्हणतो ते मी पुस्तक काढून बघितलं. वकीलसाहेबांचं जुनं पुस्तक आता निरुपयोगी झालंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि सगळे नंबर बदलले. तपासात साक्षीदाराला बोलावण्याचं जुनं कलम १६० आता १७९ आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. बोलावणं लेखी आदेशानं करायचं. आणि पंधरा वर्षांखालचा किंवा साठ वर्षांवरचा पुरुष, कुठल्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना त्यांच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडं यायला भाग पाडता येत नाही. जुन्या कायद्यात ही मर्यादा पासष्ट होती, ती खाली आणून साठ केली. पोलिसांनी घरी यायचं, असं कायदा सांगतो.

त्यात एक परंतुक आहे: अशी व्यक्ती स्वतःहून ठाण्यात यायला तयार असेल तर येऊ शकते. आता सांगा, फोनवर "जरा येऊन जा" म्हटल्यावर गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले, ते जुलमानं की राजीखुशीनं? चौकशीच्या कागदात "स्वखुशीने हजर झाले" एवढं लिहिलं की काम झालं. दुसरं म्हणजे भिंतीचा वाद हा दिवाणी मामला. त्यात फार तर अदखलपात्र नोंद होते, आपण जिला एनसी म्हणतो ती, आणि एनसीत मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, हे कलम १७४ मध्ये सरळ लिहिलंय. म्हणजे ज्या तपासासाठी बोलावलं तो तपास करण्याचा अधिकारच नव्हता. आणि जाणूनबुजून अशा मनाईविरुद्ध माणसाला हजर व्हायला लावणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १९९. २०१३ साली जुन्या दंड संहितेत १६६-अ म्हणून हे आलं होतं. हे कलम लागलेला एकही माणूस माझ्या शेडपर्यंत अजून आलेला नाही.

चावीचं प्रकरण थोडक्यात उरकते, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. नाकाबंदीत दुचाकी थांबवली की पहिला हात चावीवर जातो. मोटार वाहन कायद्यात लायसन्स मागण्याचा अधिकार आहे, कलम १३०. कागद जप्त करण्याचा आहे, २०६. गाडी अटकावून ठेवण्याचाही आहे, २०७, पण त्याला कारणं ठरलेली आहेत. चावी उपटून खिशात टाकण्याचं कलम मी शोधलं, मला सापडलं नाही. डिजिलॉकरमधलं लायसन्स २०१८ पासून नियमानुसार चालतं, तरी "मोबाईल नको दाखवू, ओरिजिनल काढ" अजून ऐकू येतं. २०१९ च्या दुरुस्तीत २१०-ब म्हणून एक गमतीचं कलम घातलंय: हा कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर त्याला दंड दुप्पट. विनाहेल्मेट जाणाऱ्या खाकीतल्या पोराला बघून मला ते दर वेळी आठवतं. चावी घेण्याचा खरा उपयोग मात्र दंडाशी नाहीच. चावी गेली की माणूस थांबतो, विनवतो आणि मागं मागं फिरतो. रस्त्याच्या कडेला बाकाची सोय नसते, ते काम चावी करते.

आता भीतीबद्दल. कुठल्याही सरकारी कचेरीत गेलात तर भिंतीवर पाटी दिसते: शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ नुसार कारवाई. दंड संहिता बदलली, नंबर १३२ झाला, पाट्या बऱ्याच ठिकाणी जुन्याच. मराठी माणसाला घटनेतलं एकही कलम पाठ नसेल, पण तीनशे त्रेपन्न पाठ आहे. मूळ कलम लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर करण्याबद्दल आहे. पाटीवर त्याचा "अडथळा" होतो, आणि ठाण्यात अडथळ्याचा अर्थ होतो प्रश्न विचारणं. "लेखी द्या" म्हटलं, अडथळा. "तुमचं नाव काय" विचारलं, अडथळा. मोबाईल वर धरला तर विचारूच नका.

मोबाईलवरून वर्ध्यात तर कहर झाला होता. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून एक माणूस बायकोसह ठाण्यात गेला आणि तिथलं बोलणं त्यानं फोनवर रेकॉर्ड केलं. त्याच्यावर थेट शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा. हा १९२३ चा कायदा, हेरांसाठी केलेला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ते प्रकरण रद्द केलं. त्या कायद्यात प्रतिबंधित ठिकाणाची जी व्याख्या आहे तिच्यात पोलीस ठाणं बसत नाही, असं सांगितलं. हे मी प्रिंट काढून शेडमध्ये लावावं असं मनात आलं होतं. लावलं नाही. माझ्या शेडच्या परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी होतं.

दुसरी धमकी आमच्याकडं खास चालते: "चॅप्टर केस टाकीन." शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेण्याची ही कारवाई, जुनी कलमं १०७ आणि ११०, नवी १२६ आणि १२९. ती प्रतिबंधक असल्यामुळं गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. शहरांत जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं ही प्रकरणं ज्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर चालतात तो बहुधा एसीपीच, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तच, असतो, म्हणजे तक्रारही खाकीची आणि खुर्चीही खाकीची. गावात गुंडाला आवरायला हे हत्यार लागतं, हे मी लाईनीत वाढलेली असल्यामुळं नाकारत नाही. पण ज्यानं ठाण्यात आवाज चढवला त्या दूधवाल्यावर ते चालतं तेव्हा त्याला तारखेमागून तारखेला खाडे करून यावं लागतं, आणि शेवटी प्रकरण निकाली निघालं तरी त्याचे गेलेले दिवस कुणी परत देत नाही. शिक्षा तारखांमध्येच भोगून होते.

अण्णांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमचंही लिही."

लिहिते. लाईनीत आमच्या खोल्यांना गळती होती आणि अण्णांच्या ड्युटीला अंत नव्हता. बंदोबस्त लागला की तीन-तीन दिवस घरी नसत. अधिकारी त्यांना नावानं हाक मारत नसत, बक्कल नंबरानं मारत. "ए अमुक नंबर, इकडं ये." साहेबांच्या बंगल्यावर नेमणूक झाली की भाजी आणणं, पोरांना शाळेत सोडणं, कुत्र्याला फिरवणं. चाळिशीच्या अण्णांना पंचविशीचा नवा अधिकारी सगळ्यांसमोर उभं करून झापायचा आणि अण्णा टाच जुळवून "सर" म्हणायचे. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ही बातमी अण्णांनी कापून ठेवली होती. त्यांच्या नोकरीत तो दिवस आला नाही.

वरून जे आलं ते त्यांनी खाली दिलं का? मी विचारलं. ते म्हणाले, "दिलं. कोणाला देणार दुसरं? समोर जो यायचा त्याला." आणि मग, "पण मी बसवायचो, मारायचो नाही." अण्णांच्या हिशेबात बसवणं ही सवलत होती. माझं त्यांच्याशी इथं पटत नाही. वरच्यानं केलेला अपमान हे कारण म्हणून मला समजतं, सबब म्हणून पटत नाही, कारण अपमान नेहमी खालीच उतरतो. झेडपी सदस्याच्या भाच्यावर तो कधी निघाला नाही. गाडीवर आमदाराचं स्टिकर असलं की चावी जागेवर राहते. थकलेला, चिडलेला माणूस समोरचा कोण आहे हे इतकं बरोबर ओळखत असेल, तर तो फक्त थकलेला नसतो.

गाजलेली प्रकरणं आठवून बघा. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर चार वाक्यं लिहिली, दुसरीनं ती लाईक केली, दोघींना अटक. देशभर ओरड झाली, अधिकारी निलंबित झाले, प्रकरण बंद झालं, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा एवढा गवगवा झाला ते मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्दच केलं. ऑगस्ट २०१५, मुंबईत मढ आणि आक्सा. हॉटेलांवर धाडी घालून सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात आणलं. सज्ञान माणसं, बंद दारामागं, आणि कलम लावलं सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०. कित्येकांच्या आईवडिलांना फोन गेल्याच्या बातम्या होत्या. तिथंही ओरड झाली, चौकशी लागली.

या दोन्हीकडं एक गोष्ट झाली होती, जी गुरुजींच्या बाबतीत झाली नाही. पोलिसांनी स्वतःच कागद केला होता. पालघरला अटक दाखवली, मढला पावत्या फाडल्या. कागद होता म्हणून त्यावर बोट ठेवता आलं. त्या दोन मुलींना नुसतं "जरा येऊन जा" म्हणून बोलावून, रात्रीपर्यंत बसवून, वडिलांसमोर दम देऊन सोडलं असतं, तर पालघरचं नाव कुणाला कळलं नसतं. अशी किती पालघरं होऊन गेली असतील ते मोजायला काही साधन नाही.

टाळेबंदीत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, हे सगळं भर रस्त्यात आलं. हुकूम मोडणाऱ्यावर गुन्हा नोंदवता येत होता, कलम १८८ होतंच. पण नोंदवायला वेळ लागतो. त्याऐवजी उठाबशा, बेडूकउड्या, कोंबडा. या शिक्षा कुठल्याच कायद्यात नाहीत. त्यांचे व्हिडिओ व्हॉट्सअपवर हसत हसत फिरले. औषध आणायला निघालेला माणूस त्यात होता की नाही हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्याच पोलिसांनी त्याच दिवसांत किती काम केलं आणि त्यांच्यातले किती गेले, हेही मला माहीत आहे, लाईनीतली दोन घरं मी ओळखते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीचा हिशेब दुसरीनं चुकता होत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक कलम आहे, १७२. जुन्या कायद्यात ते नव्हतं. पोलिसानं गुन्हे रोखण्याचं कर्तव्य बजावताना दिलेल्या कायदेशीर सूचना सगळ्यांनी पाळायच्या. न पाळणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकतो, मॅजिस्ट्रेटकडं नेऊ शकतो, आणि किरकोळ प्रकरण असेल तर शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत, सोडू शकतो. मी हे तीनदा वाचलं. बाकाला आता कलम मिळालंय. "कायदेशीर सूचना" या शब्दात कदाचित बचाव आहे, पण ती कायदेशीर होती की नव्हती हे ठरणार कोर्टात, आणि माणूस बसणार आज संध्याकाळपर्यंत.

अर्ज लिहून काही होतं का, असं लोक विचारतात. कधी होतं, बऱ्याचदा नाही. पण मी एक बघितलंय. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेत नाहीत, "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणतात, तेव्हा "नोंदवून घ्या आणि तिकडं वर्ग करा, १७३ मध्ये तसं आहे" असं म्हणणाऱ्या बाईला खुर्ची मिळते. एफआयआर नोंदवला तर त्याची प्रत तक्रारदाराला फुकट द्यायची असते, हे माहीत असलेल्याला ती मागता येते. तक्रार घेतलीच नाही तर टपालानं एसपींना, तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. आणि कुठलाही अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलायचं नाही. शिक्का मागितला की टेबलामागचा चेहरा कसा बदलतो ते बघण्यासारखं असतं. शिवी दिली असती तर इतका बदलला नसता.

गुरुजींच्या अर्जाला यथावकाश उत्तर आलं. चौकशी त्याच ठाण्याच्या अधिकाऱ्यानं केली होती. "सदर तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. अर्जदार हे स्वखुशीने पोलीस ठाणेस हजर झाले होते." परंतुक बरोबर वापरलं होतं. गुरुजींनी ते लाल पेनानं अधोरेखित केलं, "ठाणेस" शब्दाखालीही रेघ मारली, आणि म्हणाले, आता माहितीचा अधिकार.

२ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात, आतबाहेरच्या दारांपासून लॉकअप आणि वऱ्हांड्यापर्यंत, कॅमेरे लावायला सांगितलेत. चित्रण अठरा महिने ठेवायचं, कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. आम्ही त्या दिवसाचं, त्या बाकाकडच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तर तीस दिवसांच्या आत आलं, हे नमूद करायला हवं: तांत्रिक बिघाडामुळं सदर दिवशी कॅमेरे बंद होते.

बिघाडाची नोंद, दुरुस्तीसाठी केलेला पत्रव्यवहार आणि कॅमेरा पुन्हा सुरू झाल्याची तारीख मागणारं प्रथम अपील आम्ही टाकलं, वीस रुपयांचा स्टॅम्प. मी मुद्दे टाईप केले. गुरुजींनी पहिल्या मुद्द्यात ते वाक्य परत घालायला लावलं, अवतरण चिन्हांसह. मी म्हटलं, अपिलाशी याचा संबंध नाही. ते म्हणाले, चित्रण कशासाठी हवंय हे त्यांना कळायला नको का?

सुनावणीचं पत्र आलंय. जावक क्रमांक आहे, तारीख आहे, वेळ आहे, आणि त्यात गुरुजींना "आपण" म्हटलंय. पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा. अण्णा त्यांच्याबरोबर जायचं म्हणतायत. गुरुजींनी अजून होकार दिलेला नाही.